ड्रंक ड्राइव्हमध्ये लायसन्स गेलं? कोर्टातल्या दंडाच्या पावतीवर ते परत मिळत नाही

आरटीओच्या खिडकीवर माणूस येतो, कोर्टात दंड भरल्याची पावती पुढे करतो आणि म्हणतो, "दंड भरला, आता लायसन्स द्या." आतून विचारणा होते, "सुनावणी झाली का?" कसली सुनावणी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ड्रायव्हर लोकांचे अर्ज लिहून देताना हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिलाय की आता सविस्तरच लिहितो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची बाजू घ्यायची नाही. त्याने कुणाचाही जीव घेतला असता. पण शिक्षा कायद्यात आहे तेवढीच व्हावी, कागद न समजल्यामुळे ती दुप्पट होऊ नये.

मुळात त्या एका रात्रीतून दोन वेगळी प्रकरणं सुरू होतात. पहिलं कोर्टात. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सांगतं की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. दुसरं प्रकरण आरटीओत, कलम 19 खाली, तुमच्या लायसन्सचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर पोलिसांनी जप्त केलेलं लायसन्स आरटीओकडे जातं आणि तिथे पहिल्या वेळी 3 महिन्यांसाठी निलंबन, दुसऱ्या वेळी थेट रद्द. सरकारी भाषेत याला विभागांचा समन्वय म्हणतात. प्रत्यक्षात पोलीस, कोर्ट आणि आरटीओ यांच्यामध्ये कागद घेऊन फिरायचं काम तुमच्याच वाट्याला येतं.

बरेच जण ई-चलानच्या अ‍ॅपवर रोज दंडाची रक्कम शोधत बसतात. हेल्मेटचा दंड मोबाइलवरून भरता येतो, कारण त्या गुन्ह्यात तडजोडीची, म्हणजे ठरलेली रक्कम भरून कोर्टाबाहेर मिटवायची, सोय आहे. 185 मध्ये ती नाही. त्यामुळे चौकातल्या हवालदाराकडे पैसे भरून हे मिटत नाही, आणि लोकअदालतीत निम्म्यात सुटेल या भरवशावरही थांबू नका. मॅजिस्ट्रेटसमोर हजर राहावंच लागतं. तारखेला गेला नाहीत तर वॉरंट निघू शकतं. जाताना समन्स किंवा नोटीस, श्वासचाचणीची छापील चिठ्ठी, आधार आणि लायसन्स जप्तीची पोच जवळ ठेवा. गुन्हा कबूल करून दंड भरला की प्रकरण मिटलं असं वाटतं, पण ती दोषसिद्धी नोंदली जाते आणि पुढच्या वेळी तुम्ही "दुसऱ्यांदा सापडलेले" ठरता. म्हणून कबुली देण्याआधी वकिलाशी बोला. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. उत्पन्न कमी असणाऱ्यांना आणि सगळ्या महिलांना तो हक्क आहे. निकालानंतर नुसती पावती घेऊन बाहेर पडू नका, आदेशाची प्रमाणित प्रतही मागा.

आता त्या पोचेबद्दल. सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. लायसन्स घेताना पोलीस जी तात्पुरती पोच देतात, तिच्यावर गाडी चालवता येते असा पक्का समज आहे. एका रिक्षावाल्याने तर ती लॅमिनेट करून मीटरशेजारी लावली होती, कुणी अडवलं तर दाखवायला. कायद्यात नेमकं उलट लिहिलंय: कलम 206(4) प्रमाणे लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवायची मुभा नाही. निलंबनाच्या काळात चालवताना सापडलात तर वेगळा गुन्हा, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. लायसन्स फक्त डिजिलॉकरमध्ये होतं, कार्ड कुणी घेतलंच नाही, म्हणून आपण सुटलो असंही समजू नका. जप्तीची नोंद ऑनलाइनही होते. आणि दारू पिण्याचा परवाना पुढे करणाऱ्यांना सांगतो, तो पिण्यासाठी आहे, चालवण्यासाठी नाही.

सुनावणीची नोटीस जाते लायसन्सवरच्या पत्त्यावर. मुंबईत खरी अडचण हीच. लायसन्सवर परळच्या चाळीचा पत्ता, चाळ पुनर्विकासात पाडलेली, माणूस भाड्याने ठाण्यापलीकडे दिवा स्टेशनजवळ राहतोय. नाहीतर लायसन्स गावचं, चिपळूण नाहीतर कराडचं, आणि नोटीस आईने देवघरातल्या फडताळात जपून ठेवलेली. सुनावणीला कुणीच आलं नाही की आदेश एकतर्फी निघतो. त्यामुळे वाट पाहू नका. लायसन्स कुठल्या आरटीओकडे पाठवलं ते वाहतूक चौकीत विचारा, आणि तिथे साध्या कागदावर अर्ज द्या: नाव, लायसन्स नंबर, जप्तीची तारीख, सध्याचा पत्ता, मोबाइल नंबर, आणि "सुनावणीची सूचना या पत्त्यावर द्यावी" ही एक ओळ. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीत म्हणणं मांडायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. चाचणीच्या चिठ्ठीत नाव किंवा वेळ चुकली असेल तर ते तिथे लेखी सांगा.

तीन महिने पकडलं त्या रात्रीपासून मोजणारेही खूप आहेत. आदेशात "पासून" आणि "पर्यंत" अशा तारखा असतात, त्याच धरायच्या. आदेश चुकीचा वाटला तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. आणि मुदत संपली म्हणजे लायसन्स आपोआप हातात येत नाही. कलम 19 प्रमाणे आधी ड्रायव्हर रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. ते कुठे करायचं हे आदेश घेतानाच विचारा, नाहीतर चौथा महिना केंद्र शोधण्यातच जातो. ज्याचं घर रोजच्या भाड्यावर चालतं त्याला तो महिना फार महाग पडतो.

गाडीही पोलिसांनी अडकवून ठेवली असेल तर ती सोडवायला आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, मालकाचं ओळखपत्र आणि गाडी नेणाऱ्याचं चालू लायसन्स लागतं. इथे अडकतात ते आरसीवरच्या नावावर. सेकंडहँड बाइक आधीच्या मालकाच्याच नावावर असेल तर त्याचं सहीचं पत्र आणि आधारची प्रत आणा; तो फोन उचलत नसेल तर विक्रीचा कागद आणि गाडी नावावर करायचे फॉर्म 29, 30 शोधून काढा. वडील वारलेत आणि गाडी त्यांच्याच नावावर, तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं संमतीपत्र घेऊन आरटीओत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करून घ्यावी लागेल. गाडी कोर्टाच्या ताब्यात असेल तर आधी कोर्टातच सुपूर्दनाम्याचा, म्हणजे गाडी तात्पुरती ताब्यात मिळण्याचा, अर्ज द्या, मग चौकीत जा. उलट्या क्रमाने गेलेली माणसं दिवसभर उन्हात बसून रिकाम्या हाताने परततात.