हाड जाड, पण कच्चं

कोल्हापुरात कंबर दुखो की गुडघा, घरचं निदान तयार असतं: "वाताचं असंल, तेल लावा." बहुतेकदा तेवढ्यावर भागतंही. पण पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाची एकच नडगी हळूहळू वाकू लागली आणि हाताला दुसरीपेक्षा गरम लागली, तर तेल बाजूला ठेवून सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय, गाठावं, एक्स-रे काढावा. हा पॅजेटचा आजार असू शकतो. भारतात तो दुर्मीळ, त्यामुळे संधिवात म्हणून सहज खपून जातो.

हाड आयुष्यभर मोडत आणि घडत असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड कुरतडतात, ऑस्टिओब्लास्ट नवं भरतात. पॅजेटमध्ये कुरतडणाऱ्या पेशी अवाढव्य होतात, आणि भरणाऱ्यांची नुसती धांदल उडते. पाइपलाइनसाठी खोदून घाईघाईत बुजवलेला रस्ता आठवा. हाड जाड होतं, पण वीण विस्कटते. ते वाकतं, मोडतं. कवटीत झालं तर ऐकूही कमी येतं. लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी १८७६ मध्ये ज्या रुग्णाची हकिगत मांडली, त्याला वर्षानुवर्षं मोठी मोठी टोपी घ्यावी लागत होती. आपल्याकडे फेटेवाल्याच्या हे लक्षातही यायचं नाही.

उपचारात सर्वांत प्रभावी झोलेड्रॉनिक अॅसिड: ५ मिलिग्रॅम, शिरेतून, किमान १५ मिनिटं. ते हाडाला चिकटतं. कुरतडताना ऑस्टिओक्लास्टच्या पोटात जातं आणि तिचं काम बंद पाडतं. एका डोसचा परिणाम बहुतेकांत काही वर्षं टिकतो. डोस देण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का, हे सांगणारं) तपासायचं, 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची कमतरता भरून काढायची, दात काढायचा असेल तर तोही उरकून घ्यायचा. पुढचे एक-दोन दिवस कणकण आणि अंगदुखी येऊ शकते. घाबरू नये, पॅरासिटामॉल पुरतं.

रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज (हाडाची घडण किती वेगात चाललीय ते दाखवणारं) वाढलंय म्हणून लगेच सलाइन लावा, असा आग्रह मात्र नको. ब्रिटनमध्ये १,३२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१०) हा आकडा सतत नॉर्मल ठेवण्याचा, फक्त दुखलं तर औषध देण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. माझ्या मते रिपोर्टपेक्षा दुखणं कुठून येतंय ते आधी शोधावं. वाकलेल्या पायामुळे गुडघा झिजला असेल, तर ती झीज या औषधानं भरून येत नाही, पायही सरळ होत नाही. तिथे काठी, व्यायाम, नाहीतर सांधा बदलणं.