घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम परवानगी मिळाली, असे नाही

पुण्याभोवतालच्या गावांतून घराचा प्लॅन काढून घ्यायला आमच्या कार्यालयात येणारे दहातले सहा-सात जण पिशवीतून पहिला कागद काढतात तो नमुना 8 चा उतारा. "साहेब, गावात नोंद आहे, आता फक्त प्लॅन काढून द्या." म्हणून हे पत्रक.

नमुना 8 ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे. विनापरवाना घरालाही घरपट्टी लागते, पण त्याने ते घर अधिकृत होत नाही. कर घेणारा एक आणि परवानगी देणारा दुसरा, हे आपल्याकडे नवे नाही. 2021 साली 23 गावे पुणे महापालिकेत गेली, तरी त्यांच्यासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून सरकारने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणच (पीएमआरडीए) नेमले! 2015 मध्ये पीएमआरडीए स्थापन झाल्यापासून या पट्ट्यात बांधकामाचा अर्ज कुठे करायचा हा प्रश्न सरपंचांना विचारून सुटत नाही. तो गट नंबर कोणत्या हद्दीत आणि कोणत्या झोनमध्ये आहे, यावर ठरतो.

दुसरा गैरसमज राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीचा. "दीडशे मीटरपर्यंत परवानगीच नको" असे ऐकून लोक थेट पाया खोदतात. सवलत आहे, पण दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या अधिकृत प्लॉटला, आणि नकाशासह कागद दाखल करून शुल्क भरल्यावर. ती पावतीच परवानगी धरतात. पावती नाही तर काहीच नाही.

एक गृहस्थ स्लॅब पडल्यावर आले. बँकेने कर्जाचा पुढचा हप्ता अडवला होता. मोजणी केली तर जिन्याची बाजू शेजारच्या गटात. तिथे आमचा नाइलाज झाला.

म्हणूनच आम्ही मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) हातात आल्याशिवाय प्लॅनला हात लावत नाही. यावरून ग्राहक रुसतात. पलीकडचा ड्राफ्ट्समन दोन दिवसांत प्लॅन देतो म्हणतात. देतोही. पण मंजुरीच्या टेबलावर तो प्लॅन हद्दीपाशीच अडकतो, मग मोजणीचा अर्ज तेव्हा करावा लागतो आणि पावसाळा निघून जातो. मागची तारीख टाकून ग्रामपंचायतीचा दाखला जोडण्याचे कामही आम्ही करत नाही, कृपया आग्रह नको.

येताना चालू सातबारा, फेरफार, खरेदीखत आणि असेल तर मोजणी नकाशा आणा. झोन दाखला व भाग नकाशा आम्ही काढून देतो. गुंठ्यातली खरेदी असेल, तर इसार देण्याआधी या. कागद पाहण्याचे पैसे आम्ही घेत नाही.