पुराणातली वांगी आणि ग्रीक तत्त्वज्ञ

उन्हाळ्याची दुपार. अथेन्सच्या तटाबाहेर इलिसोस नदीच्या उथळ पाण्यातून सॉक्रेटिस आणि त्याचा मित्र फीड्रस अनवाणी चालले आहेत. फीड्रस विचारतो, उत्तरेचा वारा बोरिअस याने राजकन्या ओरीथियाला पळवलं ती जागा हीच ना? सॉक्रेटिस म्हणतो, ही नव्हे, जरा खाली. तिथे बोरिअसची वेदीही आहे. मग फीड्रस मनातलं बोलतो: ‘तुला खरी वाटते का रे ही गोष्ट?’

सॉक्रेटिसचं उत्तर मजेशीर आहे. शहाण्यांसारखं सांगायचं तर पोरगी मैत्रिणीबरोबर खेळत होती, वाऱ्याचा झोत आला, खडकावरून पडून गेली, आणि लोक म्हणाले बोरिअसने नेली. पण एकदा हे सुरू केलं की सेंटॉर, कायमिरा, गॉर्गन, पंखवाला घोडा पेगासस, अशा पुराणातल्या सगळ्या अचाट प्राण्यांचे खुलासे देत बसावं लागणार. तेवढी सवड आहे कुणाला? मला अजून मी स्वतःच उमगलेलो नाही.

प्लेटोने रंगवलेल्या या प्रसंगात पुराणकथेचा ‘शास्त्रीय’ खुलासा करणं ही नवलाई राहिलेली नाही, तिचा कंटाळा येऊ लागला आहे. ‘पुराणातली वांगी पुराणात’ म्हणून आपण असे विषय मिटवतो. ग्रीकांनी ती वांगी दोन-अडीचशे वर्षं चुलीवर ठेवली होती.

सुरुवात हेसिअडपासून करायला हवी. इ.स.पू. 700च्या सुमारास ग्रीसच्या बिओशिया प्रांतातल्या आस्क्रा नावाच्या खेड्यातल्या या कवीने देवांची वंशावळ रचली. हेलिकॉन डोंगराखाली मेंढरं चारत असताना काव्यदेवतांनी आपल्याला गाणं शिकवलं, असं तो सांगतो. त्या देवता त्याला काय म्हणाल्या ते मुद्दाम पाहण्यासारखं आहे: आम्हाला खऱ्यासारखं खोटं पुष्कळ सांगता येतं, आणि मनात आलं तर खरंही सांगता येतं. म्हणजे कथेचा जामीनदारच सुरुवातीला हात वर करून मोकळा! आता पुढचं त्यांनी कोणत्या मनःस्थितीत सांगितलं हे ऐकणाऱ्याने कसं ओळखायचं? पुढच्या तत्त्वज्ञांनी हेसिअडशी भांडण उकरलं त्याचं बीज या ओळीत आहे, असं मला वाटतं.

मात्र हेसिअडला नुसता गोष्टीवेल्हाळ समजणं चूक ठरेल. सर्वांत आधी काय होतं, हा प्रश्न तो स्पष्ट विचारतो. उत्तर देतो: प्रथम केऑस, म्हणजे जबडा वासलेली पोकळी, मग पृथ्वी, टार्टारस म्हणजे पाताळ, आणि इरॉस म्हणजे प्रेम. विखुरलेल्या दैवतांना त्याने एका क्रमात बसवलं, आणि क्रम लावणं हा विचारच आहे. हा मालही सगळा घरचा नव्हता. क्रोनसने बाप युरेनसला, म्हणजे आकाशाला, विळ्याने खच्ची केलं आणि पुढे क्रोनसला त्याचा मुलगा झ्यूस याने हटवून देवांचं राज्य घेतलं, या कथेचं जुनं भावंड आज तुर्कस्तानात असलेल्या, हित्ती या प्राचीन राज्याच्या राजधानीतल्या मातीच्या पाट्यांवर सापडलं. तिथे कुमार्बी हा देव आकाशदेव अनूचं लिंग दातांनी तोडतो आणि वादळदेव त्याच्याच पोटात वाढतो. हेसिअडचे वडील समुद्र ओलांडून आशिया मायनरच्या किनाऱ्यावरून आले होते, असं तोच लिहितो. कथा या वाटेने बिओशियात पोचली की दुसऱ्या, ते कोण सांगणार?

त्याच किनाऱ्यावर मायलेटस. आज तिथले अवशेष समुद्रापासून आत, शेतांमध्ये आहेत, कारण मिआंडर नदीच्या गाळाने खाडी बुजून गेली. इ.स.पू. सहाव्या शतकात ते भरभराटीचं बंदर होतं. काळ्या समुद्राभोवती त्याच्या वसाहती, इजिप्तशी व्यापार. इथला तत्त्वज्ञ थेलीस म्हणाला, सगळ्याचं मूळ पाणी. त्याने ग्रहण वर्तवल्याचं हेरोडोटस लिहितो. ते सहसा इ.स.पू. 585चं धरतात. पण ‘मूळ पाणी’ हे वाक्य अगदी आकाशातून पडलेलं नव्हतं. होमरच्या इलियडमध्ये पृथ्वीला वेढणारी नदी ओशनस हा सगळ्यांचा उगम आहे, बाबिलोनच्या सृष्टिकथेत आरंभी अप्सू आणि तिआमत यांची गोडी आणि खारी पाणी एकमेकांत मिसळलेली आहेत. शिवाय ‘सगळं देवांनी भरलेलं आहे’ हे वाक्यही ॲरिस्टॉटल थेलीसच्याच नावावर देतो. देव हद्दपार करायला निघालेला माणूस असं बोलेल?

मग थेलीसने नवं काय केलं? त्याच्या पाण्याला आई-बाप नाहीत, त्याचं लग्न लागत नाही, ते रुसत नाही. आणि ते कुणा देवतेने त्याच्या कानात सांगितलेलं नाही. त्यामुळे त्याच्याच गावचा ॲनॅक्सिमँडर म्हणू शकला की पाणी नाही, मूळ तत्त्व अमर्याद, अनिश्चित असं काही आहे. त्यानंतरचा ॲनॅक्सिमिनीस म्हणाला, हवा. एकाच गावात लागोपाठ तीन उत्तरं, आणि कुणाला पाखंडी ठरवल्याची नोंद नाही. ग्रीक धर्माला एकच एक पोथी नव्हती, सिद्धांत ठरवून देणारा पुरोहितवर्ग नव्हता. आणि भर चौकात वाद घालून निर्णय घेण्याची नगरराज्यांची रीत मूळ धरत होती. ॲनॅक्सिमँडरचं जे एक वाक्य हाती उरलं आहे तेही कोर्टाच्या भाषेत आहे: वस्तू जिथून जन्मतात तिथेच लय पावतात, कारण काळाच्या निवाड्याप्रमाणे त्या आपल्या अन्यायाचा दंड एकमेकींना भरतात. ते उद्धृत करणाऱ्याने भाषा जरा काव्यमय असल्याचा शेराही मारून ठेवला आहे.

उघड भांडण सुरू केलं ते कोलोफोनच्या झेनोफेनीसने. हा स्वतः कवी, गावोगाव हिंडून काव्य म्हणणारा, आणि वयाची नव्वदी ओलांडल्याचा हिशेब त्याने कवितेतच दिला आहे. चोरी, व्यभिचार, फसवणूक असं माणसांत जे लाजिरवाणं ते सगळं होमर-हेसिअडने देवांच्या माथी मारलं, ही त्याची तक्रार. इथिओपियाचे लोक म्हणतात आमचे देव काळे आणि नकटे. थ्रेसचे म्हणतात निळ्या डोळ्यांचे, तांबड्या केसांचे. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर घोड्यांनी घोड्यासारखे देव काढले असते, बैलांनी बैलासारखे. इंद्रधनुष्याला लोक आयरिस देवी म्हणत. तो म्हणाला, तोही एक ढगच. जांभळा, तांबडा, हिरवट पिवळा दिसणारा. एका ओळीत देवीचा ढग झाला, पण ती ओळ त्याने रचली होमरच्याच छंदात! आणि देव नाहीच, असंही तो म्हणत नाही. तो एका थोर देवाबद्दल बोलतो, जो रूपाने वा बुद्धीने माणसांसारखा नाही.

पुढे गुंता वाढतच जातो. होमरला स्पर्धांतून हाकलून फटकावलं पाहिजे, असं तत्त्वज्ञ हेराक्लिटस म्हणतो. आणि सूर्याने मर्यादा ओलांडली तर न्यायदेवतेच्या चाकर असलेल्या सूडदेवता त्याला शोधून काढतील, हेही तोच म्हणतो. पार्मेनिडीस या तत्त्वज्ञ कवीचं तर आणखी नवल. ‘जे आहे ते आहे, जे नाही ते नाही’ हा पाश्चात्त्य तर्कशास्त्राच्या पायाशी असलेला युक्तिवाद. पण तो कवीला ऐकवते एक देवी, आणि तिच्यापर्यंत त्याला नेणाऱ्या रथाची वाट दाखवतात सूर्यकन्या. फरक एवढाच की ही देवी ‘मी सांगते म्हणून मान’ म्हणत नाही. माझा युक्तिवाद बुद्धीने पारख, असं बजावते. हेसिअडच्या देवतांनी मेंढपाळाला अशी मुभा दिली नव्हती.

तिकडे दक्षिण इटलीत थिआजिनीसने होमरची बाजू सावरायला वेगळी युक्ती काढली. इलियडमधल्या देवांच्या मारामाऱ्या म्हणजे आग आणि पाणी, कोरडं आणि ओलं यांचा झगडा. देवी अथीना म्हणजे विवेक. रूपक म्हणून पुराण वाचवण्याचा हा उद्योग पुढे फार चालला. इलिसोसच्या काठी सॉक्रेटिसला ज्यांचा कंटाळा आला होता ते शहाणे याच घराण्यातले.

अथेन्समध्ये मात्र प्रकरण अंगाशी आलं. सूर्य हा पेलोपोनीस या ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाहून मोठा जळता गोळा आहे, असं म्हणणाऱ्या तत्त्वज्ञ ॲनॅक्सागोरसला शहर सोडावं लागलं. इ.स.पू. 423मध्ये विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीसने रंगभूमीवर सॉक्रेटिसची टर उडवली. त्या नाटकात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला शिकवलं जातं की पाऊस झ्यूस पाडत नाही, ढगांना फिरवतो तो ‘दिनोस’, म्हणजे भोवरा. म्हातारा समजतो, दिनोसने झ्यूसला हाकलून गादी बळकावली! क्रोनसला झ्यूसने हटवलं, झ्यूसला दिनोसने. भौतिकशास्त्राचा धडा त्याच्या डोक्यात हेसिअडच्या वंशावळीतला पुढचा राजा होऊन बसतो. त्यात एका मडक्याचं नावही दिनोस, त्यामुळे विनोदाला आणखी धार. सॉक्रेटिसवरच्या इ.स.पू. 399च्या खटल्यात हा विनोद उरला नाही. सूर्य दगड आहे असं तू म्हणतोस, हा आरोप आल्यावर सॉक्रेटिस उत्तर देतो की ती मतं ॲनॅक्सागोरसची. त्याची पुस्तकं फार तर एका द्राख्माला विकत मिळतात.

गुरू सॉक्रेटिसच्या मृत्यूनंतर प्लेटोने ‘रिपब्लिक’ या ग्रंथात आदर्श राज्यातून होमर-हेसिअडच्या गोष्टींना चाळणी लावली. युरेनस-क्रोनसची कथा खरी असली तरी पोरांना सांगू नये, म्हणाला. पण त्याच ग्रंथाचा शेवट होतो रणांगणावर मरून बाराव्या दिवशी चितेवर जागा झालेल्या एर नावाच्या सैनिकाच्या कथेने, आणि ती प्लेटोनेच रचलेली.

‘मिथककडून तर्काकडे’ हे सुबक सूत्र फार उशिराचं. ‘मुथोसकडून (कथेकडून) लोगोसकडे (तर्काकडे)’ अशा अर्थाचं शीर्षक देऊन विल्हेल्म नेस्टले या जर्मन अभ्यासकाने 1940मध्ये ग्रंथ काढला आणि ते सूत्र रूढ झालं. या दोन शब्दांचा जुना वापर पाहिला तर सूत्र डळमळतं. इलियडच्या आरंभी ग्रीकांचा राजा ॲगमेम्नॉन म्हाताऱ्या पुजाऱ्याला दरडावून हाकलतो, आणि पुजारी घाबरून ज्याचं पालन करतो तो ‘मुथोस’: सत्ताधाऱ्याचं वजनदार बोलणं. ‘लोगोस’चं अनेकवचन हेसिअडमध्ये कलहदेवीच्या पोरांच्या यादीत येतं, खोटेपणाच्या शेजारी. आणि झ्यूस आपली पहिली बायको मेटिस, म्हणजे साक्षात चतुराई, हिला गिळून टाकतो तेव्हा आधी तिला भुलवायला जे वापरतो ते गोड गोड ‘लोगोस’च.