तलावाच्या गाळातील जड धातू

शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त, पारा असे धातू तलावात आले की पाण्यात विरघळलेले फार काळ राहत नाहीत. चिकणमातीचे बारीक कण, कुजलेला पालापाचोळा आणि लोह-मँगनीजची ऑक्साइडे यांना चिकटून ते तळाला बसतात. म्हणून पिण्याच्या तलावाचे पाणी तपासणीत निर्दोष ठरते आणि खाली गाळात धातू साठतच राहतात. पाण्यातील शिशाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. हे मानक पाण्यापुरते आहे, गाळाला ते लावता येत नाही.

भोपाळचा मोठा तलाव हे याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण. परंपरेनुसार ११व्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून तो बांधला. पाणपसारा सुमारे ३१ चौ. किमी., तर पाणलोट ३६१ चौ. किमी. २००२ साली तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. शहराचा मोठा भाग आजही हेच पाणी पितो. सांडपाणी, रस्त्यांवरून वाहून येणारी धूळ, शेतातली फॉस्फेट खते आणि गणेश-दुर्गा मूर्तींच्या विसर्जनातले रंग, या सगळ्यांतून धातू इथे येतात. पिवळ्या-नारिंगी रासायनिक रंगांत शिसे आणि क्रोमियम एकत्र असू शकतात.

गाळ तपासताना तळात नळी खुपसून उभा नमुना काढतात. वरचा थर पातळ, तपकिरी. त्याखाली काळा, सडक्या अंड्यांचा वास येणारा. सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या कापून, वाळवून, आम्लात विरघळवून धातू मोजतात. शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून थराचे वय कळते. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. त्याआधीचे आणि नंतरचे थर अशा नमुन्यात वेगळे ओळखता येतात.

आकडे वाचताना एक चूक वारंवार होते. माळवा आणि महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात तांबे, जस्त, क्रोमियम मुळातच भरपूर असते. जगभरच्या शेल या चिखलापासून बनलेल्या खडकाच्या सरासरीशी (तांबे किलोमागे ४५ मिलिग्रॅम) तुलना केली, तर कारखाना नसलेला तलावही दूषित दिसू लागतो. तुलना करायची ती त्याच तलावाच्या जुन्या, खोल थराशी.

साठलेला धातू कायमचा अडकून पडत नाही. उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की लोह-मँगनीजची ऑक्साइडे विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिकसारखे घटक पाण्यात सुटतात. उलट शिसे, कॅडमियम, जस्त हे काळ्या थरात सल्फाइड होऊन घट्ट बसतात. तो थर ढवळून त्याला हवा लागली की तेही मोकळे होतात. त्यामुळे पाणी उपसण्याच्या जागेजवळ गाळ काढणे हे जपून करायचे काम आहे.

काढलेला गाळ जातो कुठे, हाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तो शेतात पसरला जातो. खेड्यातल्या पाझर तलावाचा गाळ बहुधा सुपीकच असतो. शहराचे सांडपाणी पिणाऱ्या तलावाचा गाळ मात्र भाजीच्या वाफ्यात टाकण्याआधी निदान कॅडमियम आणि शिशासाठी तपासायलाच हवा, कारण पालेभाज्या कॅडमियम पटकन शोषून घेतात.