सामायिक संपत्ती संस्कृतीमुळे टिकते का?

‘पाश्चात्य माणूस स्वतःपुरतं बघतो म्हणून तिकडे पाणी, कुरणं, मासे अशी सामायिक संपत्ती लुटली जाते, आपली संस्कृती समूहाची, म्हणून इथे ती आपोआप जपली जाते’, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. त्यात गावपणाचा अभिमान आहे, त्यामुळे तो पटतोही. पण तपासू.

अमेरिका म्हणजे व्यक्तिवादाचं ठरलेलं उदाहरण. तिथल्या मेन राज्यात शेवंड पकडणारे बहुतेक स्वतःच्याच बोटीचे मालक. तरी अंडी असलेली मादी सापळ्यात आली की तिच्या शेपटीच्या पाकळीला त्रिकोणी खाच पाडून तिला समुद्रात सोडतात. पुढे ती बिनअंड्याची दुसऱ्या कुणाला मिळाली, तरी खाच दिसली की सोडायचीच. स्वित्झर्लंडच्या टोर्बेल गावात तर १५१७ पासून नियम आहे: हिवाळ्यात पोसता येतील तेवढ्याच गाई सामायिक कुरणावर न्यायच्या.

आता आपल्याकडे. धुळ्याच्या पांझरा नदीवरची पाणीवाटपाची फड पद्धत शेकडो वर्षं चालली, ती निव्वळ आपुलकीवर नव्हे. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्याने पाळीनुसार द्यायचं, पिकावर जागल्याची नजर. मला यातला पाटकरी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आणि त्याच महाराष्ट्रात बोअरवेलच्या पाण्याला बहुतेक ठिकाणी पाळीही नाही, पाटकरीही नाही. तिथे भूजल उपसलं जातंच. संस्कृती तीच, निकाल वेगळा.

पडताळा तुमच्या गावच्या तळ्यावर किंवा गायरानावरही घेता येईल. विचारा: वाटा कोण ठरवतं, लक्ष कोण ठेवतं, नियम मोडला तर दंड होतो का?