पाणी मुरतं कुठे?

झऱ्यावरच्या दगडी घुमटीचं दार जेमतेम चार फूट उंच. आत शिरायचं तर वाकावंच लागतं, आणि त्याआधी बुटांचे तळवे जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवायचे. झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरायचं यंत्र दाखवण्याआधी चौथ्या पिढीचे मालक मला थेट इथेच घेऊन आले. "कारखाना काय, कुठेही उभा राहतो," म्हणाले.

आत गारवा, आणि खडकाच्या आडव्या भेगेतून गुपचूप येणारं पाणी. कुंडाच्या तोंडाशी स्टीलचा पत्रा आणि त्याला इंग्रजी व्ही आकाराची खाच. सगळं पाणी त्या खाचेतूनच पुढे जातं. शेजारच्या पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, वहीत टिपायची, हे इथलं रोजचं पहिलं काम. खाच वर रुंदावत जाते, त्यामुळे उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त वाढतो. काटकोनी खाचेत 5 सेंटिमीटरला सेकंदाला साधारण पाऊण लिटर, तर 10 सेंटिमीटरला जवळजवळ साडेचार लिटर! वाचताना दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी हिशेब कोलमडतो.

पणजोबांपासूनच्या वह्या कपाटात आहेत. त्या चाळताना एक गंमत दिसली. पाऊस पडून गेल्यावर काही आठवड्यांनी झरा फुगतो. मला वाटलं, तेवढ्या दिवसांत पाणी खाली पोचत असेल. तसं नाही. वरून मुरलेलं नवं पाणी आधीच्या पाण्यावर दाब टाकतं आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं ते जुनं पाणी. दाब लवकर पोचतो, पाणी सावकाश.

किती जुनं, ते ट्रिशियमवरून, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपावरून कळतं. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे 1963च्या सुमारास पावसातलं ट्रिशियम कमालीचं वाढलं होतं. त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षांचं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. झऱ्यात ते जवळपास सापडलंच नाही, तर ते पाणी त्या चाचण्यांच्या आधीच मुरलेलं. अमेरिकेत आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जचं गरम पाणी तर कार्बन-14च्या पद्धतीने सुमारे 4,400 वर्षांपूर्वीच्या पावसाचं निघालं.

एवढा काळ पाणी खडक चाटत असतं. मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होतं. वाटेत चुनखडी लागली की कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलतं. लेबलावरचे आकडे म्हणजे या प्रवासाची पावतीच. ज्वालामुखीच्या खडकांतून येणाऱ्या फ्रान्समधल्या व्हॉल्विकच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 12 मिलिग्रॅम कॅल्शियम, तर जर्मनीतल्या गेरोलश्टाइनरमध्ये 350च्या आसपास. म्हणून 'झऱ्याचं पाणी औषधी' असं सरसकट म्हणण्यात मला काही अर्थ वाटत नाही. कोणता झरा, ते आधी सांगा.

बाटल्यांचं यंत्र बघायला छान, पण सांगण्यासारखं थोडंच. बाटली विसळली जाते, भरते, बूच बसतं, उजेडासमोरून सरकते. युरोपात 'नैसर्गिक खनिज पाणी' असं छापायचं तर पाणी उगमापाशीच भरावं लागतं आणि निर्जंतुक करायला परवानगी नसते. म्हणजे सगळी भिस्त डोंगरावर.

'कुठेतरी पाणी मुरतंय' असं आपण संशयाने म्हणतो. या घराण्याचा तर धंदाच त्या 'कुठे'वर उभा आहे. पाणी जिथे मुरतं तो उतार त्यांनी तुकड्यातुकड्याने विकत घेतला आणि मोकळा ठेवला. तिथे आज खत पडलं तर त्यातलं नायट्रेट कधीतरी खालच्या बाटलीत उतरणार.

उपसा हा दुसरा धोका. न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाचे फसफसणारे झरे कंपन्यांनी पंप लावून शोषले. त्यांना पाण्यापेक्षा त्यातला वायू हवा होता, सोड्यासाठी विकायला. झरे आटू लागले, तेव्हा 1908 मध्ये उपशाला आळा घालणारा कायदा करावा लागला. एका कंपनीचा भागधारक त्याविरुद्ध कोर्टात गेला. 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

निघताना पाहिलं तर भरणीच्या दोन ओळींपैकी एक थांबलेली होती. बिघाड झाला का, असं विचारलं. मालकांनी वही माझ्यापुढे सरकवली. सकाळची नोंद 7 सेंटिमीटरच्या खाली होती.