कोट लाल होता की निळा? बटलिन्स आणि पाँटिन्समधला फरक

ब्रिटनमध्ये साठीपुढच्या कुणाला लहानपणच्या सुट्टीबद्दल विचारलं, की "बटलिन्सला जायचो" असं उत्तर बऱ्याचदा येतं. थोडं खोदून विचारलं तर कधीकधी ती सुट्टी निघते पाँटिन्सची. गल्लत साहजिक आहे. दोन्ही समुद्रकाठचे हॉलिडे कँप, दोन्हीकडे चाळीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या शॅले, म्हणजे राहायच्या छोट्या खोल्या, आणि एकदा पैसे भरले की करमणूक त्यातच आली.

सगळ्यात सोपी खूण कोटाची. बटलिन्सचे रेडकोट, पाँटिन्सचे ब्लूकोट. ही मंडळी पोरांना खेळवायची, सर्वांत बेढब गुडघे कुणाचे या स्पर्धेत बाप्यांना उभं करायची, रात्री स्टेजवर गायचीही. कुणी पिवळा कोट म्हणालं, तर ती आठवण कँपची नव्हे, ऐंशीच्या दशकातल्या बीबीसीच्या एका विनोदी मालिकेची!

खरा फरक आकाराचा. बिली बटलिनने 1936 मध्ये स्केगनेसला पहिला कँप उघडला आणि पुढेही सगळं अवाढव्यच केलं. एकेका कँपात हजारो माणसं, जत्रेतले पाळणे, जेवायला भलेमोठे हॉल, तेही पाळीपाळीने. वाढणाऱ्याच्या हातून बशी फुटली की अख्खा हॉल ओरडायचा. काय जेवलो ते विसरलेल्यांनाही हा कल्ला आठवतो. रात्री आईवडील नाचायला गेले की शॅलेंच्या रांगांतून गस्त फिरायची. कुठे तान्हं रडताना ऐकू आलं, की नाचाच्या हॉलमधल्या फलकावर त्या शॅलेचा नंबर झळकायचा आणि एखादं जोडपं नाच अर्धा टाकून धावायचं. आजच्या आईला हे ऐकून धडकीच भरेल. तेव्हा ही मोठी सोय होती.

फ्रेड पाँटिनने 1946 मध्ये सॉमरसेटमधल्या ब्रीन सँड्सपासून सुरुवात केली. त्याचे कँप साधारणपणे लहान, त्यामुळे तो भव्य थाट तिथे नव्हता. पोरांसाठी मात्र मगर होती, म्हणजे मगरीच्या वेशातला माणूस. मगर आठवत असेल तर पाँटिन्स, यात शंका नको. "आई सुट्टीतही रांधायची" ही खूण मात्र धरू नका. स्वयंपाकाची सोय असलेल्या शॅले पुढे दोन्हीकडे आल्या.

गावाचं नाव आठवलं तर प्रश्नच मिटतो. स्केगनेस, माइनहेड, बॉग्नर रेजिस म्हणजे बटलिन्स. हे तिन्ही अजून चालू आहेत. कँबर सँड्स म्हणजे पाँटिन्स, 2023 च्या अखेरीस बंद पडलेलं. नुसतं "वेल्सला गेलो होतो" एवढंच आठवत असेल तर पंचाईत, कारण तिथे दोघांचेही कँप होते: पुथेली आणि बॅरी आयलंडला बटलिनचे, प्रेस्टॅटिनला पाँटिनचा. अशा वेळी अल्बममधला फोटो काढावा. तो कृष्णधवल असला तर कोटाचा रंग ओळखण्याची आशा सोडा.